देव सुटला, पण माणसं कुठून आणायची?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या आसपासच्या. देवावरचा विश्वास सुटला त्याला बरीच वर्षं झाली, कोणाशी भांडण-बिंडण काही नाही, वाचत गेल्या, प्रश्न पडत गेले आणि एक दिवस लक्षात आलं की आपण आता मानत नाही. नवरा श्रद्धाळू आहे, त्यावरून घरात फारसं वाजत नाही. नास्तिकांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये त्या खूप वर्षं आहेत. मध्यंतरी त्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ गृहस्थ वारले. दोन-तीन तास श्रद्धांजलीचे मेसेज आले आणि संध्याकाळी परत नेहमीचे जोक आणि वाद सुरू. घरी कोणी गेलं नाही, पत्ताच कोणाकडे नव्हता. नंतर कळलं की त्यांच्या बायकोच्या सोबतीला आठवडाभर शेजारच्या प्रार्थना मंडळातल्या बायका आळीपाळीने झोपायला येत होत्या, ज्या मंडळाची हे गृहस्थ आयुष्यभर टिंगल करत आले. तेव्हापासून बाईंना प्रश्न पडलाय की नुसत्या बुद्धीवर माणसं एकत्र राहू शकत नाहीत का? खोटं खोटं का होईना एखाद्या मंडळात जावं का? का आपणच काहीतरी सुरू करावं, पण मग तो दुसऱ्या नावाचा धर्मच नाही का होणार? आणि नऊ वर्षांची मुलगी विचारते, आई, आपण कोण आहोत?

नमस्कार,

पत्र लांब होतं, पण मी अडकले ती त्या झोपायला येणाऱ्या बायकांपाशी. तुम्ही त्यावरून निष्कर्ष काढलात की श्रद्धा असली की माणसं माणसांसाठी उभी राहतात आणि ती गेली की संपलं. पण त्या बायकांकडे नेमकं काय होतं ते बघूया. घर माहीत होतं. फोन नंबर होते. दर आठवड्याला वर्षानुवर्षं एकमेकींची तोंडं बघितलेली, त्यामुळे कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कोणाचा मुलगा लांब असतो, हे सगळं पाठ. आणि मुख्य म्हणजे 'जाऊ का नको, बरं दिसेल का, त्यांना एकटं राहायचं असेल का' असला विचार त्यांना करावाच लागला नाही, अशा वेळी जायचं असतं हे आधीच ठरलेलं होतं, आज कोणाची पाळी एवढंच बघायचं. तुमच्या ग्रुपमधले लोक दगडाच्या काळजाचे असतील असं मला नाही वाटत हो, निम्म्यांना तरी मनापासून वाईट वाटलं असणार, पण ते वाईट वाटणं घेऊन जायचं कुठे?

2010 साली चैयून लिम आणि रॉबर्ट पटनम या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या लोकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेमाने चर्चला वगैरे जाणारे लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात हे आधीपासून दिसत होतं, यांनी विचारलं की का? तर उत्तर आलं की तिथे त्यांचे मित्र असतात म्हणून. जे नेमाने जातात पण तिथे ज्यांचं जवळचं कोणी नाही, ते न जाणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी नव्हते. एकट्याने केलेली प्रार्थना किंवा देव जवळ आहे असं वाटणं, याने वेगळा असा फरक दिसला नाही. आता हे वाचून आपल्याकडची मंडळी लगेच खूश होतात, बघा, देवाचा काही संबंध नाही! पण त्याच अभ्यासात पुढचा भागही आहे आणि तो सांगताना लोक गाळतात. नुसते मित्र पुरत नाहीत, ज्यांना ती धार्मिक ओळख आतून आपली वाटते त्यांनाच त्या मैत्रीचा फायदा होतो. म्हणजे चार ओळखीची माणसं गोळा केली आणि झालं असं नाही, त्या चौघांना 'हे आपलं आहे' असं वाटायला काहीतरी लागतं. ते काहीतरी म्हणजे काय, हा खरा तुमचा प्रश्न आहे असं मला वाटतं. देव आहे का नाही हा तर तुम्ही केव्हाच सोडवलाय.

आणि ते काहीतरी म्हणजे 'आम्ही मानत नाही' हे होऊ शकत नाही, निदान फार काळ नाही. तुमच्या ऑनलाइन ग्रुपला मी नावं ठेवणार नाही, विश्वास नवीन नवीन सुटतो तेव्हा माणूस एकटा पडतो, घरात बोलायची सोय नसते, तेव्हा रात्री दीडला कोणीतरी 'मलाही असंच वाटायचं' म्हणणारं भेटणं ही फार मोठी गोष्ट असते. पण मतांवर जमलेल्या ग्रुपात मान कोणाला मिळतो तर जो जोरात वाद घालतो त्याला. तिथे कोणी आजारी पडलं तर ते कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण माणूस गप्प झाला की तो ग्रुपपुरता दिसेनासाच होतो. त्या गृहस्थांचं तेच झालं. (आणि एक सांगू? त्या मंडळातल्या बायकांना ती टिंगल माहीत असणारच, तरी त्या आल्या. ह्यात आपण शिकण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्या नास्तिकाशी मला वाद घालायचा कंटाळा येतो.)

म्हणून माझा पहिला सल्ला ग्रुपबद्दल नाहीच. त्या गृहस्थांच्या बायकोचा पत्ता आता तुम्हाला कळला असेल तर जाऊन या. दोन महिने उशीर झाला असेल तरी चालतं, उलट दोन महिन्यांनीच येणारे-जाणारे थांबलेले असतात. देव-बिव विषय काढू नका, त्यांच्या नवऱ्याची एखादी आठवण सांगा, तो ग्रुपमध्ये कसा लिहायचा ते सांगा, कदाचित त्यांना ते माहीतही नसेल.

आता तुमची भीती, की आपण काही सुरू केलं तर तो दुसऱ्या नावाचा धर्म होईल. ही भीती अगदीच हवेतली नाही. 19व्या शतकात ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने देव वजा करून 'मानवतेचा धर्म' काढला होता. त्याने 28 दिवसांचे 13 महिने असलेलं कॅलेंडर केलं, महिन्यांना थोर माणसांची नावं दिली, पुरोहित नेमायचे, संस्कार करायचे, सगळी व्यवस्था कागदावर तयार. थॉमस हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याची टर उडवली की हा ख्रिस्ती धर्म वजा केलेला कॅथलिक पंथ आहे. आणि ते खरंच होतं, माणसाला काय लागतं ते न बघता एकाच माणसाने खोलीत बसून सगळं आखलं की असंच होणार.

पण एकत्र गाणं, ठरलेल्या दिवशी भेटणं, मेलेल्या माणसाबद्दल उभं राहून बोलणं, बाळ जन्मलं की सगळ्यांनी बघायला जाणं, हे धर्माच्या मालकीचं आहे असं कोणी ठरवलं? मला विचाराल तर बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. तिथे असा कोणी आहे का ज्याला प्रश्न विचारता येत नाही? सोडून जायचं म्हटलं तर माणसं संबंध तोडतात का? ज्याचा पडताळा घेता येत नाही असं काही मिळेल असं आश्वासन देऊन त्याच्या जोरावर पैसे किंवा आज्ञापालन मागितलं जातं का? या तिन्हीला नाही असं उत्तर येत असेल तर खुशाल गाणी म्हणा. आणि हो असेल तर तो ग्रुप कितीही विज्ञानाच्या गप्पा मारू दे, तिथून निघा. नास्तिकांतही बाबा-महाराज तयार होतात, फक्त कपडे वेगळे असतात.

जुनी उदाहरणं बघितली तर टिकलेल्यांत आणि न टिकलेल्यांत एक फरक दिसतो. फेलिक्स ॲडलरने 1876 मध्ये न्यूयॉर्कमध्ये, वय अवघं 24, भाषण केलं की आपण श्रद्धेवर वाद घालायचं सोडू आणि कृतीवर एकत्र येऊ. त्यातून नैतिक संस्कृती सोसायटी निघाली आणि भाषणांवर न थांबता दोन-एक वर्षांतच त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी फुकट बालवाडी आणि आजारी लोकांच्या घरी जाणाऱ्या नर्सेस सुरू केल्या. ती सोसायटी अजून आहे. आपल्या देशात गोरा आणि सरस्वती गोरा या जोडप्याने 1940 साली नास्तिक केंद्र काढलं, ते पुढे विजयवाड्याला आलं, त्यांचंही तेच, अस्पृश्यता, अंधश्रद्धा, आरोग्य अशी कामं हातात आणि नास्तिकपणा त्याच्या पाठीमागे. नेदरलँड्समध्ये 1946 साली मानवतावादी संघटना स्थापन झाली आणि तिथे आज हॉस्पिटलात, तुरुंगात, अगदी सैन्यातसुद्धा पाद्र्यांसारखेच धर्माशिवायचे समुपदेशक असतात, त्याचं शिक्षण देणारं विद्यापीठही आहे.

दुसऱ्या बाजूला संडे असेंब्ली. 2013 च्या जानेवारीत लंडनमध्ये दोन स्टँडअप कॉमेडियननी सुरू केली, सगळ्यांना माहीत असलेली पॉप गाणी, एक भाषण, मग चहा-गप्पा. कल्पना इतकी आवडली की थोड्याच वर्षांत बऱ्याच देशांत डझनांनी शाखा निघाल्या. नंतर त्यातल्या कितीतरी बंद पडल्या. न्यूयॉर्कमध्ये तर सुरुवातीलाच आपण पुरेसे नास्तिक आहोत की नाही यावरून फूट पडली! बाकी ठिकाणी कारणं साधी होती, हॉलचं भाडं, मोजक्याच माणसांवर सगळं काम आणि ती माणसं थकणं. मला स्वतःला ते अपयश वाटत नाही, जे चाललं ते चांगलं चाललं, पण तुम्ही सुरू करणार असाल तर हे डोळ्यासमोर असू द्या. कार्यक्रम करायला लागलात की दमायला होतं, कारण दर वेळी काहीतरी नवीन दाखवावं लागतं. एकमेकांची कामं करायला लागलात की तेवढं दमायला होत नाही, कामं आपोआपच निघत राहतात.

खोटं खोटं एखाद्या मंडळात जावं का, याचं उत्तर मी सरळ देते, नका जाऊ, पण तुम्हाला वाटतंय त्या कारणासाठी नाही. नवऱ्याबरोबर कार्यक्रमाला जाणं, मागे शांत बसणं, कोणाच्या घरी दुःख असेल तर त्यांच्या पद्धतीने चाललेल्या प्रार्थनेला हजर राहणं, यात काही खोटं नाही, तुम्ही माणसांसाठी गेला आहात आणि ते बहुतेकांना समजतं. खोटं कुठे सुरू होतं तर जिथे तुम्हाला तोंडाने 'माझी श्रद्धा आहे' म्हणावं लागतं आणि त्या बदल्यात माणसं मिळतात. ते लोक चांगले असतील तर एक दिवस त्यांना कळल्यावर त्यांना वापरल्यासारखं वाटेल, आणि तोपर्यंत तुम्हाला त्यांच्या सोबत असूनही एकटंच वाटत राहील, कारण त्यांच्यात वावरणारी ती बाई तुम्ही नसालच. उलट 'मी मानत नाही, पण मदतीला येऊ का' असं उघड विचारून बघा, खूप ठिकाणी हो म्हणतात.

आणि प्रत्येकाला ग्रुप लागतोच असंही नाही. काही जणांना दोन जिवलग मैत्रिणी आणि एक भाऊ पुरतो. पत्रावरून तुम्ही तशा वाटत नाही, पण हे वाचणाऱ्यांत तसं कोणी असेल तर उगाच अपराधी वाटून घेऊ नका. लायब्ररीचा वाचनगट, रक्तदानाची टीम, गाण्याचा क्लास, शाळेतल्या पालकांचा ग्रुप, अशा ठिकाणी देवाचा प्रश्न निघतच नाही आणि ओळखी मात्र होतात, अर्ध्या लोकांचं काम तिथेच भागतं.

तुमचं नाही भागलं तर सुरू करा, लहान करा. पाच-सात माणसं बास. पहिली गोष्ट तारीख पक्की करा आणि कोणी येवो न येवो ती बदलू नका. एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की माझ्या मागेही दर महिन्याच्या वीस तारखेला मित्रांनी जमायचं. त्याच्या बागेत बायका आणि गुलामसुद्धा येऊन बसायचे, अथेन्समध्ये, ख्रिस्तपूर्व 300 च्या आसपास. आणि तो तर देवच नाहीत असंही म्हणत नव्हता, देव आहेत पण त्यांना आपल्यात रस नाही एवढंच त्याचं म्हणणं. म्हणजे कोण किती पक्का नास्तिक याचं सर्टिफिकेट बघत बसायची गरज तेव्हाही पडली नाही. 'या वेळी सगळ्यांना कधी जमेल' असं विचारून ठरवणारा ग्रुप तिसऱ्या महिन्यात बंद पडतो, लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे सगळ्यांची एका कागदावर यादी करा, आणि तिच्यात फक्त नावं नकोत. पत्ता, घरातलं अजून एक माणूस आणि त्याचा नंबर, रात्री अपरात्री गाडी घेऊन येऊ शकेल असं कोण, रक्तगट कोणता. कोणी दोनदा आलं नाही तर फोन कोणी करायचा हे नावानिशी ठरवा, 'कोणीतरी करेल' यात कोणीच करत नाही. वाद घालायची हौस सगळ्यांनाच असते त्यामुळे त्याला वेळ द्या, पण शेवटी द्या आणि घड्याळ लावून द्या. पैसे जमवलेच तर थोडे जमवा आणि हिशोब सगळ्यांना दिसेल असा ठेवा. मानणाऱ्या माणसाला येऊ द्या. तुमच्या नवऱ्याला तर जरूर बोलवा, तो येईल का नाही हा त्याचा प्रश्न, पण जिथे स्वतःच्या नवऱ्याला चोरट्यासारखं वाटेल असला ग्रुप तुम्हालाच फार दिवस आवडणार नाही. त्याच्यासमोर कोणी त्याच्या श्रद्धेची खिल्ली उडवायला लागलं तर तिथल्या तिथे थांबवायचं काम मात्र तुमचं.

मरणाचं आधी बोलून ठेवा. हे अवघड आहे, लोक टाळतात, पण धर्माची खरी ताकद इथेच आहे, घरचे बधिर झालेले असतात तेव्हा पुढे काय करायचं हे त्याला माहीत असतं. धर्माशिवाय निरोप द्यायचा तर ते आपल्याला आधी ठरवावं लागतं. त्यात फार काही नसतं, कोणीतरी घरच्यांशी तासभर बसून त्या माणसाची हकीकत लिहून घेतं, ती वाचली जाते, त्याला आवडणारं गाणं लागतं, दोन जण बोलतात, थोडा वेळ सगळे गप्प बसतात आणि ज्याला प्रार्थना करायची त्याला त्या वेळात करता येते. प्रत्येकाने आपल्यासाठी काय हवं ते एका पानावर लिहून घरच्यांकडे द्यावं, देहदान, अवयवदान करायचं असेल तर त्याचे कागद आत्ताच. आणि घरचे मानणारे असतील तर त्यांना थोडी मोकळीक ठेवा, रडणार ते आहेत, आपण नाही.

एक गोष्ट मात्र आपण देऊ शकत नाही आणि देतो असं दाखवूही नये. गेलेला माणूस परत कुठेतरी भेटेल, हे. कोणी रडत विचारलं तर मला माहीत नाही म्हणा, किंवा मला तसं वाटत नाही म्हणा, पण बसून राहा. 'तो आपल्या आठवणीत जिवंत आहे' हे वाक्य मी तरी पहिल्या आठवड्यात कोणाला म्हणत नाही, त्या वेळी ते कानाला खोटं लागतं.

मुलीचं. नऊ वर्षांच्या मुलीला 'आपण नास्तिक आहोत' असं उत्तर देऊ नका, ते तुमचं मत आहे, तिचं अजून ठरायचंय. 'बाबा मानतात, मी मानत नाही, तू मोठी झालीस की बघ, आणि आपल्या घरात आपण खोटं बोलत नाही, कोणाला त्रास झाला तर मदतीला जातो' एवढं पुरे आहे. ती खरं तर विचारते आहे की मी कोणाबरोबर आहे, आणि ते तिला उत्तरापेक्षा माणसं बघून कळेल. नॉर्वेत 1951 पासून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी धर्माशिवायचा एक समारंभ चालतो. त्याआधी मुलांसाठी कोर्स असतो, नीतिमत्ता, हक्क, स्वतः विचार करणं, वाद घालणं असलं सगळं त्यात येतं, आणि मग नातेवाईकांसमोर कार्यक्रम. आज वर्षाला दहा हजारांवर मुलं त्यात असतात. आपल्या ग्रुपातली तीन-चार मुलं मोठी होत असतील तर असलं काहीतरी घरगुती करता येईल, ते तुम्ही मुलांनाच ठरवू द्या, आपण ठरवलं की कोंतचं कॅलेंडर होतं.

एवढंच, आणि एक राहिलं. पहिल्या भेटीच्या वेळी खुर्च्या मांडणं, पाणी, मेसेज टाकणं, सगळ्यांना आठवण करणं हे सगळं तुम्ही एकट्याने करू नका, कितीही पटकन होत असलं तरी. पहिल्या दिवशी ज्याने खुर्च्या मांडल्या त्यालाच पुढची पाच वर्षं मांडाव्या लागतात.